फीट कुठून उठली, कुठे गेली: ईईजीवर माग काढायची रीत

आमच्या जळगावात मे महिना लागला की इंजिनिअरिंगची दोन-चार पोरं माझ्याकडे हटकून येतात. प्रोजेक्टचा विषय ठरलेला, मिरगी ओळखणारं मॉडेल. लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगतात, "ताई, ९९ टक्के ॲक्युरसी आली." मी विचारते, टेस्टचे तुकडे कुठून घेतले? एकाच पेशंटच्या फाइलचे तुकडे पाडले, पिसले, अर्धे शिकवायला आणि अर्धे तपासायला वापरले, तर ९९ यायलाच हवेत. मॉडेलने तो पेशंट पाठ केला, एवढंच. आणि फीट आली हे घरातल्या म्हातारीलाही कळतं. ती मेंदूच्या कुठल्या भागातून उठली, तिथून कुठे गेली, हे दाखवता आलं तर डॉक्टरच्या काही कामाचं.

मी ईईजी टेक्निशियन. ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरी रेघांत नोंदणं. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, माहेर अमळनेरचं. पायथन नोकरी लागल्यावर शिकले, तेही गरजेपुरतं. या पोरांना जे दाखवते तेच इथे मांडते. यातून कुणाचं निदान करायला बसू नका. औषध, डोस, ऑपरेशन हा डॉक्टरांचा प्रांत. सिग्नल वाचायला शिकायचं असेल तर मात्र पुढे वाचा.

संगणक उघडायच्या आधी

पहिली नोंद नातेवाइकांकडून घ्या. "फीट कशी आली?" असं विचारलं की सगळे एकच सांगतात: अंग आखडलं, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. तो शेवटचा अंक झाला, तोवर फीट दोन्ही बाजूंना पसरलेली असते. आपल्याला पहिली दहा सेकंदं हवीत. म्हणून मी विचारते, "अगदी आधी काय दिसलं? हात, डोळे, की बोलणं?" एकदा धुळ्याकडची एक आजी म्हणाली, "पह्यले डावा हात वाकडा व्हयना, मंग मान फिरनी." मशीनला हात लावायच्या आधीच मला बाजू मिळाली. डावा हात आधी ओढला गेला म्हणजे उजव्या मेंदूच्या हालचालींच्या पट्ट्यावर नजर ठेवायची. अंगठ्यापासून सुरू होऊन हात, मग चेहरा असं क्रमाने चढत जाणारं आखडणं बघूनच ह्यूलिंग्ज जॅक्सनने एकोणिसाव्या शतकात, ईईजीचा पत्ताही नसताना, मेंदूत हालचालींचा नकाशा असला पाहिजे असं ओळखलं होतं.

आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं, मग एकटक नजर, ओठ चाटणं, हाताने कपडे चाचपणं, असं कुणी सांगितलं तर टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, भागाचा संशय. आधी रंगीत दिवे दिसले तर मागचा ऑक्सिपिटल भाग. भान होतं पण बोलता येत नव्हतं, तर बहुतेक लोकांत डावी बाजू. संशय म्हणजे पुरावा नव्हे, पण नंतर संगणकाने काढलेला क्रम याच्याशी ताडून बघायचा असतो, म्हणून तो कागदावर आधी लिहून ठेवा. नंतर लिहिलात तर आलेख बघून आठवण बदलते.

मोबाइलवरचा व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त घरच्यांना सांगा की आधी माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, मग व्हिडिओ. तोंडात चमचा घालायचा नाही, आणि चप्पल किंवा कांदा हुंगवून काही होत नाही. फीट आपोआप थांबते तेव्हा श्रेय चपलेला मिळतं, इतकंच. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

रेघ स्वच्छ नसेल तर पुढचं सगळं वाया

हान्स बर्गरने १९२४ मध्ये जर्मनीतल्या येनाला माणसाच्या डोक्यावरून पहिली ईईजी घेतली आणि १९२९ मध्ये छापली. तेव्हापासून यंत्रं बदलली, अडचण तीच राहिली. कवटीवर पोचणारा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असतो आणि आजूबाजूचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट.

आमच्याकडच्या दोन खास अडचणी. पहिली तेल. पेशंट चोपडा-यावलहून पहाटे निघतो आणि निघताना आई डोक्यावर भरभरून तेल थापते. तेलावर इलेक्ट्रोड चिकटतो, पण रोध, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, उतरत नाही. म्हणून अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं: शाम्पूने धुऊन, तेल न लावता या. प्रत्येक जागा घासून रोध ५ किलोओहमच्या खाली आणायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या जागांचा साधारण सारखा ठेवायचा. दुसरी अडचण घाम. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. खोलीतला एसी बंद पडला की रेघा संथ लाटेसारख्या वर-खाली व्हायला लागतात, अर्ध्या हर्ट्झच्याही खाली. नवख्याला वाटतं मेंदूच मंदावला.

इलेक्ट्रोडच्या जागा १०-२० पद्धतीने मोजायच्या. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. ३६ सेंटिमीटर आलं तर पहिली खूण १० टक्क्यांवर म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर, पुढच्या प्रत्येकी २० टक्क्यांवर म्हणजे ७.२ वर. इलेक्ट्रोडच्या नावातले विषम आकडे डावीकडे, सम आकडे उजवीकडे. जुन्या मशीनवर टी३, टी४, टी५, टी६ लिहिलेलं असतं. नव्या पद्धतीत तेच टी७, टी८, पी७, पी८ होतात. नजरेच्या अंदाजाने लावलेला इलेक्ट्रोड दीड सेंटिमीटर सरकला तर "फीट कुठून उठली" हा प्रश्नच फसवा होतो.

सरावाला फाइल कुठून आणायची

आमच्या पेशंटची फाइल मी कुणालाही देत नाही, आणि तुम्हीही कुणाकडे मागू नका. ईईजी ज्या प्रकारात साठवतात त्या ईडीएफ फाइलच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या आठ अक्षरांनंतरच्या ८० अक्षरांत, पेशंटचं नाव-गाव बसलेलं असतं. फाइलचं नाव बदललं तरी ते आत तसंच राहतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

त्यापेक्षा फिजिओनेट या संकेतस्थळावर सीएचबी-एमआयटी नावाचा संग्रह फुकट मिळतो. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या, ज्यांच्या फिटा औषधांनी आटोक्यात येत नाहीत अशा मुलांच्या नोंदी आहेत. सेकंदाला २५६ नमुने. पहिली केस ११ वर्षांची मुलगी. तिची तिसरी फाइल घ्या, सीएचबी०१_०३. एक तासाची आहे. सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये फीट २९९६ ते ३०३६ सेकंद अशी नोंदलेली आहे, म्हणजे ४९ मिनिटं ५६ सेकंदांपासून पुढची ४० सेकंदं.

पायथनमध्ये एमएनई हे ईईजीचं पॅकेज बसवा आणि ईडीएफ वाचायच्या फंक्शनने फाइल उघडा. उघडताक्षणी एक इशारा येईल की एकाच नावाचे दोन चॅनल आहेत. घाबरू नका. या फाइलमध्ये २३ चॅनल आहेत आणि टी८-पी८ खरोखरच दोनदा आहे. एक टाकून द्या. याहून छुपी भानगड म्हणजे टी७-पी७ आहे आणि शेवटाकडे पी७-टी७ही आहे. तीच रेघ, उलटी केलेली. हे लक्षात न घेता चॅनलांमधले संबंध काढले की या दोघांत अफाट जवळीक दिसते आणि पोरं ती पानभर समजावून लिहितात. तोही काढा. आणि हो, एमएनई आकडे व्होल्टमध्ये ठेवतं. मायक्रोव्होल्ट हवे असतील तर दहा लाखांनी गुणा.

चॅनलांची नावं जोडीने का, तर ही बायपोलर नोंद आहे. प्रत्येक रेघ शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक दाखवते: एफपी१-एफ७, एफ७-टी७, टी७-पी७, पी७-ओ१, अशा कपाळापासून मागे जाणाऱ्या साखळ्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मिळून जो आकार दिसतो त्यावरून या मांडणीला जगभर 'डबल बनाना' म्हणतात. केळीच्या जिल्ह्यात बसून हे शिकवताना दर वर्षी कुणीतरी हसतंच.

आधी डोळ्यांनी

कोड चालवायची घाई नको. ईडीएफब्राउझर किंवा एमएनईची खिडकी उघडा, पडद्यावर दहा सेकंदं घ्या, आणि २९९६ वर न जाता ३०२० वर जा. तिथे फीट ऐन भरात असेल. आता एकेक सेकंद मागे सरका. ज्या चॅनलवर ती लय सगळ्यात शेवटपर्यंत, म्हणजे काळाच्या हिशेबात सगळ्यात आधीपर्यंत, हाती राहते त्याचं नाव लिहा. पुढून मागे वाचायची ही सवय मला फार उपयोगी पडते, कारण सुरुवातीचा बदल बारीक असतो. तो कसला आहे हे आधी ठाऊक असेल तरच डोळा तो पकडतो.

काय शोधायचं? लयबद्ध आणि बदलत जाणारं काहीतरी. फिटेची खूण नुसत्या मोठ्या लाटांत नाही, बदलाच्या क्रमात आहे: वारंवारता बदलते, उंची वाढते, जागा वाढते. टेम्पोरल भागाच्या खोलातून उठणाऱ्या फिटेत पहिल्या अर्ध्या मिनिटात ५ ते ९ हर्ट्झची लय टेम्पोरल चॅनलवर उभी राहणं हा ओळखीचा नमुना. लहान मुलांच्या 'शून्यात बघण्याच्या' फिटेत मात्र सेकंदाला तीन, टोक आणि लाट, एकदम दोन्हीकडे.

बायपोलर साखळीत एक सोय असते. शेजारच्या दोन रेघा एकमेकींकडे किंवा एकमेकींपासून उलट दिशेने वळल्या तर दोघींमधला सामाईक इलेक्ट्रोड हा त्या साखळीतला सर्वात टोकाचा बिंदू. मात्र ईईजीत ऋण बाजू वर काढायची रीत आहे आणि पायथनचा साधा आलेख धन बाजू वर काढतो. दवाखान्यातल्या कागदाशी तुलना करताना हे विसरलात तर सगळं उलटं दिसेल.

फिल्टर, आणि त्याची लबाडी

१ ते ४० हर्ट्झचा पट्टा सरावाला पुरे. घामाची लाट जाते, विजेची गुणगुण जाते. ४० च्या वर बघायचं असेल तर विजेसाठी वेगळा नॉच, म्हणजे तेवढी एकच वारंवारता कापणारा फिल्टर, लागतो, आणि इथे आपली पोरं हमखास ५० लिहितात. आपल्या महावितरणची वीज ५० हर्ट्झची, बॉस्टनची ६० ची. फाइल जिथली तिथली वारंवारता कापा.

फिल्टरचा दुसरा गुण कुणी सांगत नाही. एमएनईचा नेहमीचा फिल्टर दोन्ही दिशांना सारखा पसरतो. त्यामुळे लाट जागेवरून सरकत नाही हे खरं, पण तिची थोडी सावली तिच्या आधीच्या काळावरही पडते. खालची मर्यादा ०.५ हर्ट्झ ठेवली तर फिल्टरची लांबीच सुमारे ६.६ सेकंद होते. फक्त पुढे जाणारा फिल्टर घेतला तर सावली मागे पडत नाही, पण सगळं उशिरा दिसतं. तोड एकच: सगळ्या चॅनलना एकच फिल्टर, आणि मूळ न गाळलेली रेघ शेजारी उघडी.

आरंभाचा तक्ता

आता आकडे. माझ्या आवडीचं माप 'लाइन लेंथ', कारण ते हातानेही काढता येतं. प्रत्येक नमुन्यातून आधीचा वजा करा, चिन्ह सोडा, बेरीज करा. समजा चार नमुने ४, ५, ६, ७ मायक्रोव्होल्ट आहेत, तर फरक १, १, १ आणि बेरीज ३. दुसरीकडे ४, ९, ३, ११ असतील तर ५, ६, ८ आणि बेरीज १९. रेघ उंच झाली तरी हे माप वाढतं, वेगाने हलली तरी वाढतं. फिटेत दोन्ही होतं, म्हणून ते चांगलं पकडतं.

एक सेकंदाची खिडकी घ्या, पाव सेकंदाने सरकवा, प्रत्येक चॅनलसाठी असा एक आलेख काढा. मग त्याच फाइलमधला फिटेपासून दूरचा, शांत दहा मिनिटांचा भाग निवडा आणि प्रत्येक चॅनलची स्वतःची नेहमीची पातळी काढा. सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या, नाहीतर एखादा पापणीचा झटका सगळा हिशेब वर उचलतो. मध्यकापासून नेहमीची चढ-उतार किती ते बघा, त्याच्या पाचपट वर एक रेघ आखा. ज्या क्षणी चॅनल ती रेघ ओलांडतो आणि पुढची पाच सेकंदं तिच्या वरच राहतो, तो त्या चॅनलचा आरंभ.

आता कसोटी. पाचपटच्या जागी चारपट, सहापट, आठपट करून बघा. वेळा मागे-पुढे होतील, ते चालेल. चॅनलांचा क्रम मात्र टिकला पाहिजे. क्रमच बदलत असेल तर तुम्ही फीट मोजत नाही, तुम्ही आखलेली रेघ मोजताय.

दुसरी कसोटी जबड्याची. कानशिलाचा स्नायू नेमका एफ७, एफ८, टी७, टी८ च्या खाली आहे. फीट सुरू होताना दात आवळले गेले की २० हर्ट्झच्या वर रेघ जाडजूड होते आणि तुमचा तक्ता आनंदाने सांगतो, "टेम्पोरल आधी!" म्हणून सगळं पुन्हा एकदा १ ते १५ हर्ट्झमध्ये करा. पहिला आलेला चॅनल तिथे मागे पडला तर तो मेंदू नव्हे, जबडा. ईईजीबरोबर व्हिडिओ असेल तर त्यातही बघा, मात्र कॅमेऱ्याचं आणि मशीनचं घड्याळ जुळतं का ते आधी तपासा. दोन-तीन सेकंदांचा फरक मी कितीदा तरी पाहिलाय.

सोबत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या वारंवारतेत किती जोर होता याचा रंगीत आलेख, काढाच. दोन सेकंदांच्या खिडकीत अर्ध्या हर्ट्झचा बारकावा मिळतो. प्रत्येक वारंवारतेला तिच्या शांत पातळीने भागा, नाहीतर खालच्या वारंवारता सगळा रंग खाऊन टाकतात. फिटेची पट्टी बहुधा एका जागी उभी न राहता हळूहळू खाली उतरते. चघळण्याची किंवा हात हलण्याची पट्टी अशी उतरत नाही.

तक्ता झाला की एक पथ्य पाळा. खिडकी एक सेकंदाची आहे, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या फरकावर पहिला-दुसरा नंबर लावू नका. गट करा. समजा टी८-पी८ आणि एफ८-टी८ पहिल्या सेकंदात आले, उजवे मधले चॅनल चौथ्या-पाचव्यात, डावे टेम्पोरल बाराव्यात, तर लिहा: पहिला गट उजवा टेम्पोरल, दुसरा उजवा मधला, तिसरा डावा. एवढं पुरे. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे लिहून काही जास्त खरं होत नाही.

बाण काढायचे असतील तर

क्रम मिळाला. आता प्रश्न येतो, पहिल्याने दुसऱ्याला ढकललं का? इथे पोरांचे डोळे चमकतात, कारण बाणांचे आलेख देखणे दिसतात.

यासाठीचं प्रसिद्ध हत्यार ग्रेंजरचं. क्लाइव्ह ग्रेंजर अर्थशास्त्रज्ञ, १९६९ मध्ये त्याने ही कल्पना मांडली, २००३ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कल्पना आमच्या रेल्वेवर नीट समजते. जळगावला गाडी किती लेट येणार हे सांगताना भुसावळला ती किती लेट होती हे कळल्यावर अंदाज सुधारत असेल, तर ग्रेंजरच्या भाषेत भुसावळकडून जळगावकडे बाण. आता जळगावला फाटा फुटतो: एक लाइन पाचोऱ्याकडे, एक अमळनेरकडे. भुसावळलाच गोंधळ झाला की दोन्हीकडच्या गाड्या लेट. ज्याच्याकडे फक्त पाचोरा आणि अमळनेरची वेळापत्रकं आहेत, आणि पाचोऱ्याची खबर आधी येते, तो छातीठोकपणे पाचोऱ्याकडून अमळनेरकडे बाण काढील. त्या दोघांत लाइनच नाही. मेंदूतही असंच. खोलात बसलेला हिप्पोकॅम्पस किंवा थॅलॅमस कवटीवरच्या इलेक्ट्रोडला सहसा दिसत नाही, आणि त्याच्यामुळे हललेले दोन चॅनल एकमेकांना ढकलताना दिसतात.

हे ध्यानात ठेवून करायचं असेल तर असं करा. एकाच इलेक्ट्रोडवर बसलेल्या जोड्या एकत्र घेऊ नका. एफपी१-एफ७ आणि एफ७-टी७ मध्ये एफ७ सामाईक आहे, त्यांचा संबंध आधीच ठरलेला. एकमेकांपासून दूरचे सहा चॅनल निवडा. सहाच का? प्रत्येक चॅनलचा आताचा आकडा सगळ्या चॅनलांच्या मागच्या दहा आकड्यांवरून सांगायचा म्हटलं तर २० चॅनलांना २० गुणिले २० गुणिले १० म्हणजे ४००० गुणक लागतात. चार सेकंदांची खिडकी आणि सेकंदाला १२८ नमुने धरले तर हाताशी आकडे आहेत १०,२४०. एका गुणकाला अडीच आकडे. त्यावर कसला भरवसा? सहा चॅनलांना ३६० गुणक आणि ३०७२ आकडे, हे बरं. खिडकी लांबवून आकडे वाढवता येतील, पण फीट दर दोन-चार सेकंदांनी रूप बदलते आणि लांब खिडकीत तिची दोन रूपं एकत्र कालवली जातात. आणि ग्रेंजरच्या आधी अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावू नका, त्याने गुणकांची गणितं बिघडतात.

मग खोटे बाण वेगळे करायचे. एकेका चॅनलची रेघ काळात मनाला येईल तितकी सरकवून तीच गणितं पुन्हा-पुन्हा चालवा. सरकवल्यावर खरा संबंध उरत नाही, तरी जे बाण येतात ते योगायोगाचे. त्यांच्यापेक्षा ठसठशीत असेल तोच ठेवा. सहा चॅनलांत ३० दिशा होतात. शंभरात पाच चुका चालवून घेतल्या तर एक-दोन बाण फुकटात येणारच.

डायरेक्टेड ट्रान्सफर फंक्शन, पार्शियल डायरेक्टेड कोहेरन्स अशी याचीच भावंडं आहेत, एकेका वारंवारतेवर बाण देतात. ग्रेंजर जमला की तीही जमतात.

एक जुना प्रयोग मी सगळ्यांना सांगते. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या लोकांनी जन्मतःच फिटेचा दोष असलेल्या उंदरांत बघितलं. फीट एकदम दोन्हीकडे येते असं वाटायचं. बारकाईने मोजल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात तोंडाभोवतीच्या संवेदनेचा पट्टा पुढे असल्याचं दिसलं. त्यानंतर मेंदूची साल आणि थॅलॅमस कधी हा पुढे, कधी तो. पूर्ण ४० सेकंदांवर एकच बाण काढणारी पोरं नेमकं हेच गमावतात.

कवटीच्या बाहेरून किती दिसतं

कवटीवरच्या ईईजीत लाट उमटायला मेंदूच्या सालीचा सुमारे १० चौरस सेंटिमीटर भाग एकत्र सक्रिय व्हावा लागतो. त्याहून लहान भागात फीट पेटली तर ती वाढेपर्यंत आपल्याला दिसतच नाही. म्हणून तक्त्यातला पहिला चॅनल म्हणजे फिटेचा उगम असं मी कधीच लिहीत नाही. तो आपल्याला सर्वात आधी दिसलेला भाग.

उगम खरोखर शोधायचा असतो तो ऑपरेशनच्या विचारात, आणि तेव्हा बारीक इलेक्ट्रोड कवटीतून आत सोडतात. ही पद्धत पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी उभी केली. तिथल्या सिग्नलवर २००८ मध्ये बार्तोलोमेई, शोवेल आणि वांदलिंग यांनी एक निर्देशांक मांडला. वेगवान वारंवारतांची ऊर्जा भागिले संथ वारंवारतांची ऊर्जा हे गुणोत्तर किती चढतं आणि किती लवकर चढतं, या दोन्हींची सांगड. पोरांना वाटतं हेच कवटीवर लावू. नका लावू. कवटीवर वेगवान ऊर्जेत जबडा असतो.

पसरण्याच्या वेगाबद्दलही आतूनच कळलं. चार बाय चार मिलिमीटरच्या चकतीवर ९६ सुया असलेल्या इलेक्ट्रोडने पाहिलं तर फिटेची खरी आघाडी सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी सरकते, आणि तिच्यातून सुटणाऱ्या लहरी सेकंदाला कित्येक सेंटिमीटर धावतात. आता तुमच्या तक्त्यात पाच सेकंदांत उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत मजल गेली असेल, तर ती आघाडी सरकत गेलेली नाही. मेंदूच्या आतल्या लांब तारांवरून उडी गेली आहे, किंवा तुम्ही लहरी मोजल्यात.

कागदावर काय लिहायचं

माझ्या नोंदीत चार ओळी असतात. घरच्यांनी पहिलं काय पाहिलं. डोळ्यांना पहिला बदल कुठे आणि कुठल्या लयीचा दिसला. तक्त्यातले गट, आणि पाचपटची रेघ बदलून व फिल्टरचा पट्टा बदलून ते टिकले का. विसंगती असेल तर ती, उघड. आजीने डावा हात सांगितला आणि तक्ता डावा मेंदू म्हणत असेल तर मी कुणालाही खोटं ठरवत नाही, दोन्ही लिहिते. कधी फीट शांत भागातून उठून हाताच्या पट्ट्यात पोचल्यावरच हात हलतो, कधी नोंदीतच डावं-उजवं अदलाबदल झालेलं असतं. डॉक्टरांना ठरवू द्या. एमआरआयशी ताडून, गरज वाटली तर तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं का, ते तेच बघतात.

आणि एका फिटेवर थांबू नका. सीएचबी०१ च्या त्याच मुलीच्या चौथ्या फाइलमध्ये १४६७ ते १४९४ सेकंदांवर दुसरी फीट आहे, पंधराव्यात १७३२ ते १७७२ वर तिसरी, सोळाव्यात १०१५ ते १०६६ वर चौथी. तेच फिल्टर, तीच पाचपट, तेच गट. चारही तक्ते एकाखाली एक ठेवा. पहिला गट चारही वेळा तोच आला तर पुढच्या तीन फाइली घ्या: अठरावी, एकविसावी, सव्विसावी. त्यांतल्या फिटा लांब आहेत, दीड मिनिट आणि त्याहून जास्त, तेव्हा पसरण्याचा शेवटचा टप्पा तिथे नीट दिसेल.